उंदराला आवळा लागत नाही

गजकर्णावर ग्रिसिओफल्विन हे जुने औषध. 1939 साली ते एका बुरशीतूनच सापडले आणि 1958 नंतर पोटातून द्यायला सुरुवात झाली. पावसाळाभर ओल्या कपड्यांत सोयाबीन-तुरीच्या रानात राबणाऱ्या आमच्या औराद गावच्या माणसाला गजकर्ण काही नवे नाही.

हेच औषध पांढऱ्या उंदराच्या खाद्यात भरपूर मिसळले, तर त्याचे यकृत गर्द तपकिरी होते आणि अतिनील दिव्याखाली लाल चमकते. हीम हे लोहयुक्त रंगद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर फेरोकेलाटेज हे विकर पॉर्फिरिनमध्ये लोह बसवते. ग्रिसिओफल्विनमुळे यकृतातल्या सायटोक्रोमच्या हीमपासून एन-मिथाइल प्रोटोपॉर्फिरिन तयार होते आणि ते या विकरालाच अडवते. मग लोह बसत नाही, प्रोटोपॉर्फिरिन साचते आणि पित्तनलिका तुंबतात. नेहमीच्या मात्रेत माणसाला सहसा असे होत नाही. पॉर्फिरियाच्या, म्हणजे पॉर्फिरिन साचण्याच्या आजाराच्या, रुग्णाला मात्र हे औषध वर्ज्य आहे. अशा यकृताला अँटिऑक्सिडंट दिले, तर पेशींची पुढची हानी फार तर थोडी कमी होईल. अडलेले विकर त्याने सुटणार नाही.

पॉर्फिरिन साचण्याच्या दुसऱ्या एका प्रकारात मात्र ऑक्सिडीकरण हेच दुखण्याचे मूळ आहे. आग्नेय तुर्कस्तानात 1955 ते 1959 या काळात हेक्झाक्लोरोबेंझिन हे बुरशीनाशक लावलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. तीन-चार हजार माणसांना पॉर्फिरिया झाला: उन्हात अंगावर फोड, काळसर चट्टे, गडद लाल लघवी. बीजप्रक्रिया केलेले रंगीत बी घरात धान्याशेजारी ठेवणाऱ्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

या रसायनाने उंदरातही, विशेषतः यकृतात लोह भरलेले असेल तर, युरोपॉर्फिरिन साचते. यकृतातले सायटोक्रोम 1ए2 बिनरंगी युरोपॉर्फिरिनोजेनचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून होणारे लाल युरोपॉर्फिरिन पुढच्या विकराच्या कामाचे उरत नाही. क जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट नेमकी हीच पायरी रोखू शकते.

पण उंदीर आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. साध्या उंदरावरचा निष्कर्ष उचलून माणसाला लावता येत नाही, तो यासाठी. त्यामुळे ते जीवनसत्त्व बनवणारे जनुक निकामी केलेले उंदीर प्रयोगाला घ्यावे लागले. अमेरिकेत झालेले असे प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाले. साचणारे युरोपॉर्फिरिन क जीवनसत्त्वाने घटले, पण लोह फार वाढवल्यावर त्याचा उपयोग झाला नाही. मला या साऱ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो, आणि 'यकृतासाठी अँटिऑक्सिडंट' असे छापलेल्या डब्यावर तोच कधी येत नाही.

माणसात युरोपॉर्फिरिन असे साचण्याचा आजार म्हणजे पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा. त्याच्या रुग्णाचे ठरावीक अंतराने रक्त काढून लोह उतरवतात, किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अगदी कमी मात्रेत देतात. दारू बंद करावी लागते, हेपॅटायटिस सी तपासावा लागतो. कार्तिकातला आवळा कुणीही आनंदाने खावा. पण क जीवनसत्त्वाने अन्नातले लोह अधिक शोषले जाते, तेव्हा उन्हात हातांवर फोड येणाऱ्याने या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्तातले फेरिटिन आणि लघवीतले पॉर्फिरिन तपासून घ्यावे.