केळे, शहाळे आणि पेशींची दारे

दादाच्या मेंदूतील गाठ ग्लिओब्लास्टोमाची आहे हे कळले आणि घरातील सारेच वाचनाच्या मागे लागलो. शस्त्रक्रिया व किरणोपचारांना टेमोझोलोमाइडची जोड, हाच २००५ पासूनचा रूढ मार्ग. त्या वर्षीच्या चाचणीत या जोडीने मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले होते. हे आकडे मी वहिनींना सांगितले नाहीत.

एकदा पुतण्याने हायडेलबर्गच्या संशोधकांचे २०२३ मधील काम वाचून दाखवले. या गाठीतील मोजक्या पेशी कॅल्शियमचा ताल धरून इतरांना चेतवतात आणि तो ताल ‘केसीए ३.१’ या पोटॅशियम वाहिनीवर चालतो. उंदरांत ती रोखल्यावर गाठीची वाढ मंदावली. वहिनींनी ‘पोटॅशियम’ एवढाच शब्द धरला. दादाचे केळे बंद, शहाळेही बंद. त्याला दुसरे काही रुचत नव्हते. तरी मी गप्प राहिले.

डॉक्टरांनी समजावले, “वाहिनी म्हणजे पेशीच्या आवरणातले प्रथिनाचे दार. केळे बंद केल्याने ते मिटत नाही. यांच्या रक्तातले पोटॅशियम योग्य आहे, खुशाल द्या.” हृदयाचे ठोकेही अशाच दारांवर चालतात, भलतेच दार मिटले तर जीवावर बेतते, म्हणून नेमके औषध शोधणे अवघड. उंदरांवरचे यश माणसांत अजून सिद्ध व्हायचे आहे, हेही त्यांनी लपवले नाही.

सायंकाळी वहिनींनी शहाळे आणले. दादाने अर्धा पेला पिऊन उरलेला माझ्यापुढे सरकवला.