पुतण्या ऐकतो ती गाणी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. घरातली सगळी झोपली होती आणि माझा पुतण्या भिंतीला टेकून, कानाला हेडफोन लावून बसला होता. मी पाणी प्यायला उठले, तर त्याच्या मोबाईलवरचे चित्र दिसले. दोन कुजलेली प्रेते, त्यातले एक बाईचे, फाडलेले. पुढचे या पानावर लिहिण्यासारखे नाही. मी त्याचे हेडफोन ओढून काढले आणि "काय घाण बघतोस?" म्हणून ओरडले. वहिनी दचकून उठली. शेजारच्या खोलीतला दिवा लागला.

तो शांतपणे म्हणाला, "आत्या, बघत नाही. ऐकतोय."

वाचक भगिनी-बंधूंनो, मी सरकारी रुग्णालयात कारकून आहे. शवविच्छेदनाचे कागद रोज माझ्या टेबलावरून जातात. जखम किती लांब, किती खोल, कोणती बरगडी मोडली, हे सगळे लिहिलेले असते आणि शेवटी बॉडी ताब्यात घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असतो. संध्याकाळी महिला मंडळाचे काम. मार खाल्लेल्या बाईला घेऊन पोलीस ठाण्यात बसायचे, तिचे मेडिकल सर्टिफिकेट नीट लिहिले आहे ना ते बघायचे. तेव्हा रक्त म्हणजे काय हे या घरात मलाच जास्त कळते, असा माझा समज होता. पण तीन वर्षांपूर्वी माझा भाऊ लोकलखाली गेला, तेव्हा मी बाहेरगावी शिबिराला गेले होते. वहिनी भोवळ येऊन पडली होती. बापाची ओळख पटवायला हा पोरगा गेला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

म्हणून त्या रात्री मला वाटले, ते बघितल्यामुळेच याचे डोके फिरले असणार.

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच विचारले. त्याने सांगितले ते असे. या बॅण्डचे नाव कॅनिबल कॉर्प्स, म्हणजे नरभक्षक प्रेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात १९८८ साली पोरांनी तो काढला. मी पाहिले ते चित्र त्यांच्या तिसऱ्या तबकडीचे, 'टूम ऑफ द म्युटिलेटेड', साल १९९२. या प्रकाराला डेथ मेटल म्हणतात. जर्मनीत त्यांच्या पहिल्या तीन तबकड्यांतली गाणी मंचावर वाजवायला २००६ पर्यंत मनाई होती. १९९५ साली बॉब डोल या अमेरिकन सिनेटरने भाषणात नाव घेऊन यांच्यावर टीका केली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी जिम कॅरीच्या 'एस व्हेंच्युरा' या विनोदी चित्रपटात हाच बॅण्ड वाजवताना दिसला. म्हणजे ज्यावर पुढारी चिडले त्यावर पोरेबाळे हसत होती. आता तिथे जो गायक आहे, तो म्हणे जत्रेतल्यासारख्या त्या चिमट्याच्या मशीनमधून खेळण्यातली अस्वले जिंकतो आणि मुलांना वाटून टाकतो.

"गाणी कसली?" मी विचारले. नावे त्याने मोबाईलवर दाखवली. ती मी इथे देत नाही. कुटुंबाच्या पानावर ती छापता येणार नाहीत.

मग मी ऐकले. जेवणाच्या सुट्टीत, रेकॉर्ड रूममध्ये, कपाटाआड बसून. तीन गाणी झाली आणि डोके ठणकू लागले. गाणारा गातच नाही. घशाच्या तळातून घुरघुरतो, एक शब्द कळत नाही. ढोल इतक्या वेगात की मोजता येत नाही. मात्र एका ठिकाणी सगळे थांबते आणि एकटी बेस गिटार भराभर बोलून जाते. ते मी परत लावून ऐकले, हे कबूल केले पाहिजे.

पुतण्याचे दोस्त रविवारी घरी येतात. मी मटणाचा रस्सा केला आणि सगळ्यांना बसवून घेतले. तुम्हाला यात काय मिळते, खरे सांगा म्हटले. मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला एक जण म्हणाला, "मावशी, दिवसभर गिऱ्हाईक बोलतं ते ऐकून घ्यायचं. घरी जाताना हे लावलं की डोकं धुतल्यासारखं होतं." दुसरा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याला फक्त वेगाशी मतलब. शब्द मराठी असते तरी ऐकले नसते, म्हणाला. तिसऱ्याचे म्हणणे, हा भुताचा सिनेमा आहे, डोळ्यांऐवजी कानाने बघायचा. सिनेमात खून करणारा नट घरी जाऊन खून करत नाही, तसेच हे.

त्यांच्यात एक मुलगी होती, नर्सिंग शिकणारी. ती बराच वेळ हाडे चोखत गप्प बसली होती. मग म्हणाली, "मला आवाज आवडतो. पण ही तबकडी मी सोडली. एकदा शब्द वाचले. प्रत्येक वेळी मरणारी बाईच का? आणि गाणारा प्रत्येक वेळी मारणाराच का?" पोरे म्हणाली, सगळ्या गाण्यांत बाई नाही. ती म्हणाली, "ज्यांत आहे ती मोज ना." कोणी मोजली नाहीत.

पुतण्याने मला एक संशोधनही दाखवले. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातले, २०१९ सालचे. असे संगीत ऐकणारे ३२ जण आणि न ऐकणारे ४८ जण घेतले. एका डोळ्याला हिंसेचे चित्र, दुसऱ्याला साधे, आणि कानावर गाणे. माणसाचा मेंदू धोक्याच्या चित्राकडे आधी वळतो. हे रोज ऐकणाऱ्यांचा मेंदूही इतरांइतकाच वळला. म्हणजे त्यांची नजर मेली नव्हती. मी बी.कॉम. आहे, आकडा दिसला की थांबते. बत्तीस म्हणजे फार नव्हेत. आणि डोळा वळला म्हणजे मन हलले असे होत नाही. पण एक गोष्ट माझ्याच घरात दिसते. हा पोरगा गल्लीतल्या जखमी कुत्र्याला हळद लावतो. आईवर आवाज चढवत नाही. या गाण्यांनी तो क्रूर होईल ही माझी भीती खोटी होती, हे मी त्याला तोंडाने सांगितले.

पण "हे सगळं खोटंच असतं" हे त्याचे उत्तर मला पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाया खोट्या नसतात. आपल्या सतिपट्ठान सुत्तातही स्मशानातले प्रेत बघायला सांगितले आहे. फुगलेले, निळे पडलेले, कावळ्यांनी टोचलेले, शेवटी हाडांचा चुरा. तिथेही किळस आहेच. पण बघणाऱ्याने म्हणायचे असते की माझेही शरीर असेच होणार. तिथे प्रेत म्हणजे मी. या तबकडीत प्रेत म्हणजे ती, आणि मी म्हणजे सुरा धरलेला. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो लगेच काही बोलला नाही.

दोन दिवसांनी त्याने दुसरा बॅण्ड ऐकवला. कारकस, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. पहिली तबकडी १९८८ ची, वेष्टनावर शवविच्छेदनाच्या फोटोंची जोडाजोड, शब्द वैद्यकीय कोशातून उचललेले. "हे तर तुझं ऑफिसच आहे," तो म्हणाला. त्या बॅण्डमधली पोरे तेव्हा मांस खात नसत असेही कौतुकाने सांगितले. शाकाहाराचे कौतुक आम्हाला कुणी सांगू नये, असे मी म्हटले, त्यावर तो खूप हसला. आवाज मात्र खराब, पत्र्याच्या पिंपात बसून वाजवल्यासारखा. ते त्यालाही मान्य आहे. पण इथे कुणाचा सूड नाही, कुणाची मजा नाही. नुसते शरीर कसे नासते ते आहे. मला हे त्यातल्या त्यात सहन झाले. त्याला अजूनही पहिलेच चांगले वाटते. त्यावर आमचा वाद चालू आहे. ते चित्र त्याने मोबाईलवरून काढले, गाणी काढली नाहीत.

एकदा मी धीर करून विचारले, "तुझ्या बाबांचं ते सगळं झालं, म्हणून ऐकतोस का रे?"

"नाही. त्याच्या आधीपासून ऐकतो. नववीत होतो तेव्हापासून. बाबांना माहीत होतं."

मला माहीत नव्हते. भाऊ मला कधी बोलला नव्हता.

थोडा वेळ गेला. मग तोच म्हणाला, "आत्या, बाबांचा रिपोर्ट तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. ट्रंकेत."

"तू वाचलास?"

"वाचला."

"बरं. मी नंतर वाचेन," म्हणाला, आणि हेडफोन कानाला लावून पुन्हा भिंतीला टेकला. मी दिवा घालवला.