मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किती फुटी?
महाड-पोलादपूरच्या शेतकरी मित्रांनो, चिखलणीसाठी रोटाव्हेटर घेताना इंजिनाचा एचपी नको, पीटीओचा बघा. १८ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण १५च मिळतात. त्याला तीन फुटीच्या आतलाच बरा. फक्त मागच्या चाकांचे माग पुसले गेले पाहिजेत.

गेल्या पावसात आमच्या वाडीत एकाने स्वस्तात मिळाला म्हणून चार फुटी जोडला. चिखलात इंजिन दबायचं, धूर ओकायचं. बांध चढताना तर पुढची चाकंच उचलली. माणूस थोडक्यात वाचला! आपली खाचरं उताराची, म्हणून अवजाराचं वजनही बघा. बांध ओलांडताना पीटीओ बंद ठेवा. आणि दुकानदाराला सांगा, आधी आमच्या खाचरात चालवून दाखवा, मग पैसे.