विठ्ठलवाडी टू टेक-ऑफ!

कल्याण सोडलं की कर्जतच्या दिशेने पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. एकीकडे कल्याण पूर्व, दुसरीकडे उल्हासनगरचे कॅम्प. इथली सकाळ म्हणजे पाठीवर सॅक, हातात डबा आणि इंडिकेटरवर खिळलेले डोळे. पण हल्ली याच गर्दीत ट्रॉली बॅगाही दिसतात. कुणी बंगळुरूला इंटरव्ह्यूला निघालेलं, कुणी दिल्लीला ट्रेनिंगला. लोकलने घाटकोपर, मेट्रो वनने मरोळ नाका, तिथून ॲक्वा लाइनने थेट टी-टू. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तेव्हा तिकिटावर कुठला एअरपोर्ट लिहिलाय, ते आधी बघा!

लोकल लेट झाली तर आपण काय करतो? बॉसला मेसेज टाकतो आणि गप्प उभे राहतो. हीच सवय आपण एअरपोर्टवरही नेतो. तिथे मात्र फंडा वेगळा आहे. प्रवाशाला काय मिळायला हवं, याचे नियम ‘डीजीसीए’ने २०१० मध्येच केलेत आणि पुढे ते सुधारलेही आहेत.

वेळेत चेक-इन केलंय आणि अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाची फ्लाइट दोन तासांहून जास्त लेट आहे? खाणं-पिणं एअरलाइनने द्यायचं. सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली, तर त्याशिवाय भरपाईही. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५ हजार रुपये, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे १० हजार. किंवा बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते.

विठ्ठलवाडीकरांसाठी सगळ्यात कामाचा नियम रात्रीचा. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानची फ्लाइट सहा तासांहून जास्त लेट झाली, तर गरजेप्रमाणे हॉटेलची सोय एअरलाइनने करायची. अंधेरीत राहणारा रिक्षा पकडून घरी जाईल. आपली शेवटची लोकल गेली, की पहाटेपर्यंत खुर्ची नाहीतर खिशाला भोक पाडणारी कॅब! म्हणून काउंटरवर जाऊन मागा, आणि लेखी मागा.

अर्थात, गोम आहेच. धुवाधार पाऊस, धुकं, संप, सुरक्षेचा प्रश्न अशा एअरलाइनच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. म्हणजे जुलैत जरा जपूनच. लोकल लेट झाल्याने फ्लाइट चुकली, तर एअरलाइन तुमचं काहीच लागत नाही. आणि तिकिटावर नीट मोबाइल नंबर नसेल, तरी भरपाई हुकते. कोपऱ्यावरच्या एजंटकडून तिकीट काढताना तो सवयीने स्वतःचा नंबर टाकतो, रद्द झाल्याचा एसएमएस त्याच्या फोनवर वाजतो आणि तुम्ही घाटकोपरचा जिना चढत असता. नंबर तुमचाच टाकायला लावा.

डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या ड्युटीच्या नव्या नियमांचं गणित ‘इंडिगो’ला जमलं नाही आणि काही दिवसांत हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराहून जास्त. लोक बॅगांना टेकून जमिनीवर बसले होते. नंतर रिफंड आले, जास्त हाल झालेल्यांना १० हजारांची व्हाउचर्सही जाहीर झाली. अशा वेळी बोर्डिंग पास, मेसेज, बिलं आणि बोर्डाचा फोटो जपून ठेवा. पुढे तेच पुरावे.

एअरलाइनने दाद दिली नाही, तर ‘एअरसेवा’वर तक्रार टाका. तिथेही जमलं नाही, तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. एअरलाइनचं ऑफिस गुरुग्रामला का असेना, तुमची केस ठाणे जिल्ह्यात चालू शकते. तिथे जायला विठ्ठलवाडीहून लोकल आहेच. फक्त तारखेच्या दिवशी एक गाडी आधीची पकडा!