करंट रेशो आणि काकांची आठ एकर

आमच्या गावाकडे 'करंट' ह्या शब्दाचा एकच अर्थ आहे. मोटर चालते तो करंट. "ह्या आठवड्यात करंट दिवसाचा का रातचा?" हा प्रश्न आमच्याकडे "जेवलास का?" इतक्याच सहज विचारला जातो. त्यामुळे मध्यंतरी मी काकांना म्हटलं की आधी कंपनीचा करंट रेशो बघू, तेव्हा त्यांना वाटलं मी ट्रान्सफॉर्मरबद्दलच काहीतरी बोलतोय. :-)

तसा विषय दोन्हींचा होता म्हणा. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जो रस्ता जातो, त्या पट्ट्यात काकांची जमीन आहे. त्यातली आठ एकर मुरमाड. बाजरीसुद्धा लाजत लाजत येते. पण विजेचं उपकेंद्र तिथून हाकेच्या अंतरावर, आणि हल्ली त्यालाच भाव आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, 2023 मध्ये तिची 2.0 आली (व्हर्जन नंबर सरकारनेच दिलाय, माझं काही नाही). उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घ्यायची, तिथे छोटा सौर प्रकल्प उभारायचा, वीज तिथल्या तिथे शेतीच्या फीडरला सोडायची. ह्या 2.0 मध्ये ठरलेला दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी 3 टक्के वाढ. आठ एकरांचे साधारण चार लाख होतात.

एक छोटी कंपनी काकांकडे आली. ह्याच दराने भाडं, करार अठ्ठावीस वर्षांचा. काका आता अठ्ठावन्नचे आहेत, म्हणजे करार संपेल तेव्हा ते शहाऐंशीचे असतील. काकूंचा हिशेब त्याहून जवळचा होता. धाकट्या चुलतबहिणीला नर्सिंगला घालायचंय, तिची फी ह्या भाड्यातून.

काकांचा प्रश्न एका ओळीचा. "भाडं वेळच्या वेळी देतील का रे? तू कंप्युटरवाला, बघ जरा."

हा प्रश्न आमच्या भागात कोणीही विचारेल. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, हे दोन्ही सहकारी साखर कारखाने पैशांच्या अडचणीत बंद पडलेले लोकांनी पाहिलेत. कारखाना बंद पडला तेव्हा जमीन कुठे गेली नव्हती, मशिनरी जागेवर होती, धुराडं तर लांबून दिसत होतं. नव्हता तो हातातला पैसा. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशापासून आहे, आणि त्या चौदा दिवसांचा खरा अर्थ काय ते ऊस उत्पादकाला समजावून सांगायची गरज नाही. मालमत्ता असणं वेगळं आणि देणं देण्याच्या दिवशी खिशात पैसा असणं वेगळं. ह्या दुसऱ्या गोष्टीला पुस्तकात लिक्विडिटी म्हणतात.

तर मी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर गेलो. शंभर रुपये भरले की कुठल्याही कंपनीचे दाखल केलेले हिशेब बघता येतात. (दोन पिझ्झ्यांपेक्षा स्वस्त. जमीन, फ्लॅट किंवा नोकरी ह्यांपैकी काहीही एखाद्या छोट्या कंपनीशी बांधून घेणार असाल तर जरूर भरा.) शिवाय 2021-22 पासून कंपन्यांना काही रेशो स्वतःच हिशेबाच्या टिपांमध्ये छापावे लागतात आणि त्या यादीत पहिलाच नंबर करंट रेशोचा. ह्या कंपनीने छापला होता 1.5.

ज्यांनी इंजिनिअरिंगला अर्थशास्त्राचा पेपर फक्त पास होण्यापुरता दिला (म्हणजे आपण सगळेच) त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्षभरात ज्याचा पैसा होईल ती चालू मालमत्ता. वर्षभरात जे द्यावं लागेल ते चालू देणं. पहिल्याला दुसऱ्याने भागा. 1 च्या खाली आलं तर काळजी, वर असलं तर बरं. आपल्याकडचे बँकवाले 1.33 हा आकडा धरतात. तो आला 1974 साली नेमलेल्या टंडन समितीकडून. चालू मालमत्तेतला निदान पाव हिस्सा धंदेवाल्याने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा, बाकी पाऊण भाग चालू देण्यांतून चालावा. 100 भागिले 75, म्हणजे 1.33. त्या मापाने 1.5 झकास.

आता तो 1.5 उघडून बघू. (आकडे लाखांत, थोडे गोल केलेत. कंपनीचं नाव सांगत नाही.)

वरची बाजू: वीजबिलांची येणी 70, बँकेतली मुदत ठेव 22, इतर येणी 14, बँकेत चालू खात्यावर 9, सुट्या भागांचा साठा 5. एकूण 120.

खालची बाजू: कर्जाचे वर्षभरातले मुद्दलाचे हप्ते 60, कंत्राटदारांचं देणं 14, इतर 6. एकूण 80.

120 भागिले 80. बरोबर, 1.5. गणितात खोट नाही.

पण एकेक ओळ हातात घेऊन बघा. मुदत ठेव 22 लाखांची आहे खरी, पण ती कर्ज देणाऱ्या बँकेकडेच तारण आहे. म्हणजे कपाटात पैसा आहे आणि किल्ली सावकाराकडे. इतर येणी ही बहुतेक अनामत रकमा आणि कराचे परतावे, ती येतील तेव्हा येतील. सुटे भाग विकून कोणी पगार करत नाही. राहिले 70 आणि 9.

त्या सत्तरसाठी हिशेबात आणखी एक तक्ता असतो. कुठलं येणं किती जुनं आहे, सहा महिन्यांच्या आतलं किती, एक ते दोन वर्षांचं किती, असं वयाप्रमाणे. (हाही 2021-22 पासूनच सक्तीचा झाला.) तिथे दिसलं की 52 लाख सहा महिन्यांच्या आतले आहेत आणि 18 लाख एक वर्षाहून जुने. कंपनीचे आधीचे दोन छोटे प्रकल्प दुसऱ्या राज्यात आहेत आणि दोन्हींची वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, तिथली वितरण कंपनी. वीजनिर्मितीच्या धंद्यात हे असंच असतं. किराणा दुकानदाराची उधारी दोनशे घरांत वाटलेली असते, एक घर बुडालं तरी दुकान चालतं. इथे घर एकच.

बरं, हे दुखणं एकट्या ह्या कंपनीचंही नाही. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने विलंब अधिभाराचे नियम आणले, तेव्हा देशभरातल्या वितरण कंपन्यांकडे वीज उत्पादकांचे 1.3 लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त अडकले होते. नियमांनी जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडायची सोय केली, जास्तीत जास्त 48 मासिक हप्ते. अनेकांचा अडकलेला पैसा त्यामुळे सुटला, चांगलंच झालं. पण चार वर्षांत विभागून मिळणारी रक्कम 'वर्षभरात येणारी' कशी म्हणायची?

म्हणून जुने 18 बाजूला काढले. 52 अधिक 9, म्हणजे 61. भागिले 80. उत्तर 0.76.

रविवारी आत्याकडे दौंडला गेलो होतो, तिथे हे सगळं सांगत बसलो. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, रेल्वेतून रिटायर झालेले. सगळं आयुष्य दौंड जंक्शनवर गेलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी किती डब्यांची आहे ते तू सांगतोयस. मला सांग, ती किती वाजता येते आणि पुढची किती वाजता सुटते."

आपल्या भाषेत सांगायचं तर करंट रेशो स्टोरेज मोजतो, लेटन्सी मोजत नाही. आणि तोही 31 मार्च ह्या एका दिवसाचा स्क्रीनशॉट. मग मामांच्या पद्धतीने वेळापत्रक मांडलं. कर्जाचं मुद्दल महिन्याला 5 लाख. व्याज साधारण साडेसात लाख. पगार, देखभाल, विमा वगैरे अडीच लाख. महिन्याला जाणारे 15 लाख, हातात 9 लाख. वीजबिलाचा पैसा यायचा थांबला तर कंपनी अठरा दिवस चालेल.

1.5 ऐकायला किती भारदस्त वाटतं, नाही? आणि अठरा दिवस म्हणजे कांदा काढून वखारीत टाकेपर्यंत संपणारी मुदत.

ह्यात अजून एक गंमत आहे. पुढच्या वर्षीचं व्याज 31 मार्चच्या देण्यांमध्ये नसतं, कारण ते अजून 'झालेलं' नसतं. आणि लहान कंपन्यांच्या हिशेबाच्या पद्धतीत पुढच्या वर्षीचं जमिनीचं भाडंही नसतं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी तो रेशो बघत होतो, ते काकांचं भाडं त्या भागाकारात वरही नाही आणि खालीही नाही!

दौंडहून मनमाडची गाडी धरली की नगर, राहुरी करत बेलापूर स्टेशन येतं, म्हणजे श्रीरामपूर. तिथे ह्या गोष्टीची मोठी आवृत्ती घडून गेली आहे. मुळा आणि प्रवरा ह्या नद्यांच्या नावाची वीज सहकारी संस्था. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं, त्याच्या मदतीने देशात पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. शेतकरीच सभासद, शेतकरीच गिऱ्हाईक. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि गावोगाव पोचवायची. कल्पना किती सुंदर! पण मंडळाचं बिल दर महिन्याला यायचं, आणि वसुली शेतीपंपांकडून व्हायची, म्हणजे पीक, पाऊस आणि राजकारण जमेल तशी. मंडळाची आणि नंतर महावितरणची थकबाकी साचत दोन हजार कोटींच्या वर गेली. 31 जानेवारी 2011 ला परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून तो भाग महावितरणकडे गेला.

अशा संस्थेची मोठी चालू मालमत्ता म्हणजे लोकांकडून येणं असलेली बिलं. कागदावर ती वाढली की रेशोही सुधारतो. म्हणजे लोक जितके कमी पैसे भरतील तितका आकडा वरची बाजू फुगवत जातो, जोपर्यंत कोणीतरी धीर करून ते बुडीत लिहीत नाही. खुद्द महावितरणची शेतीपंपांकडची थकबाकी 2020 च्या कृषिपंप धोरणाच्या वेळी 40 हजार कोटींच्या वर होती. तेव्हा छोटं-मोठं असा हा प्रश्न नाही. फरक इतकाच की मोठ्याच्या मागे सरकार उभं राहतं, आणि छोट्याकडे अठरा दिवस असतात.

पण म्हणून छोट्या वीज कंपन्या वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाला विचारा, दिवसाच्या करंटची किंमत काय असते. प्रकल्प व्हायला हवेत, आणि ते अशाच कंपन्याही करणार आहेत. मी काकांना एवढंच सांगितलं की ही कंपनी लबाड दिसत नाही, पण तिचा श्वास तोकडा आहे. तेव्हा आपलं भाडं तिच्या श्वासावर अवलंबून ठेवायचं नाही.

त्याप्रमाणे काकांनी चार गोष्टी मागितल्या. वर्षाचं भाडं वर्ष सुरू व्हायच्या आधी. एक वर्षाच्या भाड्याइतकी अनामत, काकांच्या खात्यावर. बँकेला तारण द्यायचं ते कंपनीच्या पॅनेलचं, सात-बारावर बोजा चढवायचा नाही. आणि भाडं ठरावीक मुदतीपेक्षा जास्त थकलं तर करार मोडायचा हक्क, तोही नोंदणीकृत कागदावर. कंपनीचा माणूस अनामतीवर जरा कुरकुरला. पंधरा दिवसांनी परत आला आणि कबूल झाला. काकांनी आठऐवजी पाच एकर दिली. उरलेल्या तीनचं काय ते पहिली दोन भाडी आल्यावर बघू म्हणाले. हा तिसरा निर्णय त्यांचा स्वतःचा, त्यात माझ्या एक्सेल शीटचा काही वाटा नाही.

असो. तुमच्यापैकी अनेकांच्या गावाकडे अशी जमीन असेल आणि असा कोणीतरी कागद घेऊन येईल. तेव्हा छापलेला करंट रेशो जरूर बघा. पण तिथे थांबू नका. येणी कोणाकडून आहेत, किती जुनी आहेत, आणि मोकळा पैसा किती दिवस पुरेल, एवढे तीन प्रश्न विचारा. सातवीतला मुलगा करू शकेल इतकं सोपं गणित आहे. आईवडील फोनवर "तू शिकलेला, बघ जरा" म्हणतात, तेव्हा त्यांना बहुतेक एवढंच हवं असतं.