गुंडाची मान

आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एक पितळी गुंड असतो. सौंसर-पांढुर्ण्याकडे, म्हणजे माझ्या माहेरी, पाण्याच्या या भांड्याला गुंड म्हणतात. लग्न होऊन मी बेळगावकडे आले आणि त्याचा ‘हित्ताळी कोडा’ झाला. पोट मोठं, मान अरुंद, काठ बाहेर वळलेला. मानेवर बोटभर लांबीची झाळलेली खूण आहे. त्या खुणेनं मला चौतीस वर्षं छळलं.

माझं माहेर लोधीखेड्याचं. सौंसर तहसिलीतलं हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. आमच्या घरात तीन पिढ्या ठोकठोक ऐकतच वाढल्या. यजमान बँकेच्या नोकरीमुळे नागपुरात होते, तिथे ओळख झाली आणि 1989 साली मराठी घरातली मुलगी कन्नड घरात पडली. बाबांनी स्वतःच्या हातानं गुंड घडवून दिला. तो पोत्यात गुंडाळून आम्ही गाडीतून आणला. बाकी सगळं रुखवत विसरता येईल, पण गुंड नाही.

सासरचं घर तेव्हा खेड्यात होतं. रोजच्या वापराची भांडी वेगळी, म्हणून नवा गुंड गोठ्याला लागून असलेल्या खोलीत फळीवर गेला. पहिला पावसाळा संपला, दिवाळीला भांडी घासायला काढली, तर गुंडाच्या मानेला उभी चीर! कुणाचा धक्का नाही, पडला नाही, पाण्यानं भरलासुद्धा नव्हता. अत्ते मला काही बोलल्या नाहीत, पण शेजारणीपाशी बोललेलं माझ्या कानावर आलंच. माहेरच्यांनी खोटं पितळ दिलं, असा त्याचा अर्थ. तेव्हा माझं कन्नड कच्चं होतं, पण तेवढं बरोबर कळलं.

कन्नडमध्ये गळ्याला कुत्तिगे म्हणतात आणि मान म्हणजे फक्त प्रतिष्ठा. मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द. गुंडाची मान चिरली तेव्हा माझ्या बाबांचा मानही गेला, असं मला वाटलं. चीर झाळून घेतली. बाबांना कधी कळवलं नाही.

आता मुलाची गोष्ट. तो टेक्सासला नोकरी करतो. तीन-चार वर्षांपूर्वी त्यानं सांगितलं की तो रायफलची नेमबाजी शिकतोय आणि काडतुसंही स्वतःच भरतो. मी हादरले. आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही. तिकडे नेमबाजांना स्वतःच्या वापरापुरती भरायला मुभा आहे, हे त्यानं समजावलं. पण कायद्याचा प्रश्न नव्हताच. घरात बंदूक, हेच मला सोसेना. “हा विषय माझ्याशी काढू नकोस,” असं मी बजावलं. त्यानं काढला नाही. हळूहळू बाकीचेही विषय कमी झाले. फोन हवापाण्यावर सुरू व्हायचा आणि हवापाण्यावरच संपायचा.

2023 च्या भाऊबीजेला मी लोधीखेड्याला होते. महिनाभर आधीच पांढुर्णा नवा जिल्हा झाला होता, घरात त्याच गप्पा. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांचं वय तेव्हा शहाऐंशी. ऐकू कमी येतं, नजर मात्र शाबूत. मुलाच्या मागे टेबलावर पितळी नळकांडी ओळीनं मांडलेली त्यांना दिसली.

“ते पितळ आहे ना रे?” बाबांनी विचारलं.

“हो अज्जा. काडतुसाची टोपणं आहेत.” आमचा मुलगा आईच्या वडिलांनाही अज्जाच म्हणतो. ‘टोपणं’ हा त्यानं अज्जासाठी शोधलेला शब्द.

“अन् त्याची मान निळी काहून?”

मी तिथून उठणार होते. पण मुलगा इतक्या उत्साहानं बोलू लागला की बसूनच राहिले.

त्यानं सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. गोळी उडाली की नुसतं पितळी टोपण उरतं. तेच पुन्हा वापरता येतं. टोपणाची मान नव्या गोळीला घट्ट धरून ठेवते. पण किती घट्ट, यावर सगळा खेळ. मानेचं आतलं माप गोळीच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवायचं. किंचित म्हणजे साधारण एका इंचाचे दोन हजारांश, 0.05 मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी! एक मान घट्ट आणि दुसरी सैल असेल तर गोळ्या सारख्या वेगानं सुटत नाहीत. जवळच्या निशाण्यावर ते कळत नाही, लांबच्या निशाण्यावर एक वर लागते, एक खाली.

म्हणून त्याच्याकडे नाना अवजारं आहेत. मान बाहेरून आवळायला साचा, त्याला डाय म्हणतात. साध्या डायमध्ये मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि मग आतून एक गोळा ओढून रुंदावली जाते. त्या ओढाताणीत मान कधी कधी वाकडी होते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या डायमध्ये बुशिंग नावाची कडी बदलता येते, हव्या त्या मापाची बसवायची. पण पितळाचा पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. बाहेरून आवळलं की जाडीतला फरक आत जातो, नेमका जिथे गोळी बसायची तिथे. त्यावर उपाय म्हणून मॅन्ड्रेल नावाची गुळगुळीत दांडी शेवटी आतून घालायची, म्हणजे फरक बाहेर ढकलला जातो आणि आतलं माप सारखं येतं. कुणी मानेचा पत्रा बाहेरून तासूनही घेतात. जाडी मोजायला गोल टोकाचा मायक्रोमीटर. आणि गोळी बसवायच्या प्रेसला काटा लावलेला, किती जोर लागला ते दाखवणारा. ज्याला जास्त किंवा कमी जोर लागला ते काडतूस बाजूला.

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “हे सारं खरं. पण पितळ परत उसळते ना बेटा. तू कितीही मापात दाब, कडक झालेलं पितळ ऐकतच नाही.”

पलीकडे मुलगा दोन क्षण गप्पच. मग म्हणाला, “अज्जा, हे कळायला मला एक वर्ष लागलं.”

तेच तर निळ्या मानेचं उत्तर होतं. दर वेळी गोळी उडताना मान फुगते, साच्यात ती पुन्हा आवळली जाते. असं होत होत पितळ कडक होतं. मग एकच साचा, एकच दांडी, तरी दहा टोपणांची दहा मापं येतात, आणि पुढे मान चिरते. म्हणून मुलगा फक्त मान आणि खांदा ज्योतीवर मोजून काही सेकंद तापवतो. त्यानं पितळ मऊ पडतं आणि निळसर झाक येते. बूड मात्र तापू द्यायचं नाही. स्फोटाचा दाब बूडच सोसतं, ते मऊ पडलं तर जिवाशी गाठ.

“आम्ही याले ताव देणं म्हणतो,” बाबा म्हणाले. “ठोकलं की कडक, ताव देल्ला की मऊ. जनमभर हेच केलं.”

मग मुलानं एक हकिकत सांगितली. इंग्रजांच्या काळात भारतातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवत आणि पावसाळा संपला की ती आपोआप चिरलेली सापडत. ऋतूप्रमाणे येणारी म्हणून इंग्रजीत त्या चिरांना ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. कारण नीट उलगडलं ते 1921 च्या सुमारास. घडवताना पितळात ताण राहून गेलेला असतो. त्यात घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा मिळाली, की कुणी हात न लावताही पितळ चिरतं. तापवून आतला ताण काढून टाकला की चिरत नाही.

मी सुन्न झाले. पावसाळा, गोठा, मान, चीर! चौतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी तिथल्या तिथे बोलून टाकली. गुंड कुठे ठेवला होता, चीर कशी होती, शेजारीण काय बोलली, सगळं.

मुलगा म्हणाला, “आई, लक्षणं तरी तीच आहेत.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाले, “पितळ चोख होतं, बाई. पण मानेवर शेवटची ठोक झाली की हलका ताव द्या लागते. लग्नाची घाई होती. तावानं पितळ काळवंडते, मंग पुन्हा घासा लागते. म्हटलं, पोरगी चकचकीत गुंड घेऊन जाईल. तो ताव म्या देल्लाच नाही.”

दोष गोठ्याचा होता, तसा थोडा बाबांचाही होता. त्यांनी तो नातवासमोर स्वतःहून सांगितला. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण ज्या मानाला मी इतकी वर्षं जपत होते, तो मला त्या दिवशी आधीपेक्षा मोठा दिसला.

बेळगावला परतल्यावर मी अत्तेंना सगळं सांगितलं, आता पक्क्या झालेल्या कन्नडमध्ये. माहेरचं पितळ खोटं नव्हतं, हेही सांगितलं आणि ताव राहून गेला होता, हेही. त्या ऐकत होत्या. शेजारणीपाशी बोललेलं त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. उठून गुंडापाशी गेल्या, झाळलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आग्लि बिडु. नीर हिडीतैतल्ल.” असू दे, पाणी धरतोय ना!

नवी सून असताना मी भाकरीचं पीठ गच्च दाबून मळायचे. तेव्हा याच अत्ते म्हणायच्या, “भाळ बिगि हिडीब्याड.” फार घट्ट धरू नकोस. त्या पिठाबद्दलच बोलत होत्या. पण मुलाचा फोन आला की हल्ली मला ते वाक्य आठवतं.

बंदूक मला अजूनही आवडत नाही, आणि तेही त्याला माहीत आहे. पण आता मी विचारते, “या आठवड्यात किती टोपणं तापवलीस? बूड तापलं नाही ना?” मग तो अर्धा तास बोलतो.