भिंतीतली तार

शेगडी बदलण्याची घाई घरात सर्वांनाच असते. भिंतीतल्या तारेची आठवण मात्र कोणाला होत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत वीज आली ती १९४७च्या सुमारास, म्हणजे 'बेस्ट' महापालिकेच्या ताब्यात गेली त्याच वेळी. खोलीत तेव्हा दोन दिवे, फार तर एक रेडिओ. त्याच तारेवर पुढे पंखा, मिक्सर, फ्रीज असे पाहुणे वाढत गेले. यंदा हजार वॉटची कॉइलची शेगडी जाऊन दोन हजारांची इंडक्शन आली.

वायरमनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. लाकडी पट्टीचे झाकण काढताच तारेवरचे रबर पापडासारखे झडले. "बटण पाच अँपिअरचं, ही ओढणार पावणेनऊ. प्रवाह दुप्पट, की तारेतली उष्णता चौपट!" तो म्हणाला. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तर कोणा पूर्वसुरीने जाडजूड तांब्याची तार कोंबलेली! फ्यूजची तार वितळते म्हणून घर वाचते. ही तर पहारेकऱ्याला अफू देऊन निजवण्याची तऱ्हा.

मीटरपासून ओट्यापर्यंत तांब्याची स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचा प्लग, अर्थिंग, आणि तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारी पेटी, एवढे सारे बसले. खर्च शेगडीच्या तिप्पट. सौभाग्यवतींनी बिल दोनदा वाचले, वर लाकडी तक्तपोशीकडे पाहिले आणि मुकाट्याने पैसे मोजले. तिच्यावर वरच्या बिऱ्हाडातली दोन पोरे निजतात.